वयात येणारे शरीर : गणपतीत मोठ्याने बोलले जाणारे आणि न बोलले जाणारे

चतुर्थीच्या आदल्या रात्री चाकरमानी मुंबईहून गावी उतरले की पिशव्या ओटीवर टेकवण्याआधीच घरातल्या मुलांच्या वाढीचा पंचनामा सुरू होतो. "केवढा ताडमाड वाढला रे हा!", "हिला तर ओळखलंच नाही," "आणि हा अजून एवढाच कसा?" ही तीन वाक्ये बहुतेक घरांत ऐकू येतात. बोलणाऱ्याच्या मनात कौतुकच असते; ज्याच्याविषयी बोलले जाते ते मूल मात्र माजघरात निघून जाते आणि आरतीपुरते बाहेर येते.

सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यालगतच्या एका माध्यमिक शाळेत मी बरीच वर्षे विज्ञान शिकवले. मानवी शरीराचा धडा आला की मुलांना आपले प्रश्न नाव न घालता चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायला सांगत असे. आठवीच्या वर्गातली एक चिठ्ठी अजून आठवते. वहीच्या शेवटच्या पानाचा तुकडा, त्याला इतक्या घड्या घातलेल्या की तो सुपारीएवढा झाला होता. आत लिहिले होते : "सर, माझ्या छातीत डाव्या बाजूला गाठ आली आहे. शर्ट घासला तरी दुखते. हा कॅन्सर असतो का? आईला सांगू नका." अक्षर मुलाचे होते. त्या गाठीचे उत्तर पुढे येईल, पण ते नीट कळण्यासाठी ही सगळी उलथापालथ कोठून सुरू होते हे आधी पाहावे लागेल.

मेंदूतले दीपगृह

वयात येण्याची सुरुवात मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस नावाच्या, बदामाएवढ्या भागात होते. तेथून एक संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे संदेश पोहोचवणारे रसायन, ठरावीक अंतराने थोडे थोडे सोडले जाते. देवगडच्या किंवा रत्नागिरीच्या दीपगृहाचा झोत रात्री जसा फिरून फिरून येतो, तसाच हा प्रकार आहे. साधारण तासा-दीड तासाने एक झोत, आणि सुरुवातीला तोही फक्त झोपेत. तांडेल दीपगृह ओळखतो ते त्याच्या उघडझापीवरून; दिवा सलग पेटता राहिला तर तो किनाऱ्यावरच्या एखाद्या घराचा दिवा वाटेल. शरीराचेही तसेच आहे. संदेश झोताझोताने आला तरच पुढची ग्रंथी त्याला प्रतिसाद देते, सलग मिळाला तर ती गप्प होते. फार लहान वयात बदल सुरू झालेल्या मुलींना डॉक्टर जे इंजेक्शन देतात, ते याच गुणाचा उपयोग करते : संदेश सलग ठेवून ते ग्रंथीला गप्प करते. मेंदूत तयार होणाऱ्या अशा संप्रेरकांच्या शोधासाठी रोजे गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली यांना १९७७ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला.

हे दीपगृह जन्मानंतरचे काही महिने चालू असते, मग अनेक वर्षे विझल्यासारखे राहते आणि पुन्हा पेटते. झोत ओळखणारी ग्रंथी म्हणजे मेंदूखालची वाटाण्याएवढी पीयूषिका. तिच्याकडून निघालेली संप्रेरके मुलींच्या अंडाशयांना आणि मुलांच्या वृषणांना जागे करतात. तेथे इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरके तयार होतात आणि बाहेरून दिसणारे बहुतेक बदल त्यांच्यामुळे घडतात. ही दोन्ही संप्रेरके दोघांच्याही शरीरात असतात, फरक प्रमाणाचा असतो. आठवीतल्या त्या मुलाचे उत्तर याच वाक्यात दडलेले आहे.

काखेतला घामाचा वास आणि पहिले केस यांचा उगम मात्र थोडा वेगळा आहे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी सहा ते आठ वर्षांच्या सुमारास आपले काम वाढवतात. म्हणून एखाद्या मुलाला इतर कोणताही बदल दिसण्याआधी मोठ्या माणसासारखा घामाचा वास येऊ लागतो. आपल्या दमट हवेत तो जरा लवकर लक्षात येतो, एवढेच.

पाऊस केव्हाही येवो, लावणी पेरणीनंतरच

एरवी मृगाच्या आसपास कोकणात येणारा मोसमी पाऊस २०२५ साली २५ मे रोजीच देवगडपर्यंत पोहोचला. एखाद्या वर्षी तो जून अर्धा उलटला तरी तोंड दाखवत नाही. पण पाऊस लवकर आला म्हणून कोणी आधी लावणी करून मग पेरणी करत नाही. आधी पेरणी, मग तरवा काढून लावणी आणि नंतर कापणी, हा क्रम ठरलेला असतो. वयात येण्याचेही असेच आहे. सुरुवात मुलींमध्ये ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वर्षांत केव्हाही झाली तरी ती वेळेवरच धरली जाते. मुलींमध्ये पहिली खूण बहुधा स्तनांखाली लागणारी लहानशी गाठ असते, कधी आधी एकाच बाजूला. तिच्यानंतर साधारण दोन ते अडीच वर्षांनी पाळी येते. मुलांमध्ये पहिली खूण वृषणांची वाढ ही असते. ती कोणाच्या नजरेत भरत नाही, म्हणून मुलांचे सगळे अचानक सुरू झाल्यासारखे वाटते. आवाज आणि मिसरूड या बऱ्याच पुढच्या गोष्टी आहेत.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जेम्स टॅनर आणि त्यांचे सहकारी मार्शल यांनी मुलांच्या वाढीची वर्षानुवर्षे नोंद ठेवून मुलींविषयी १९६९ मध्ये आणि मुलांविषयी १९७० मध्ये या बदलांचे पाच टप्पे मांडले. आजही डॉक्टर तपासणीत तेच टप्पे वापरतात. त्यांच्या नोंदींमधून दिसले ते हेच की सुरुवातीचे वय मुलामुलांत कितीतरी वेगळे असते, क्रमात मात्र त्यामानाने फार थोडा फरक पडतो. म्हणूनच सातवीच्या एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलींपैकी एकीचे निम्मेअधिक बदल होऊन गेलेले असतात आणि दुसरीचे सुरूही झालेले नसतात, आणि तरीही दोघींची वाढ ठीक असते. यात घराण्याचा वाटा मोठा असतो. ज्याचे वडील "दहावीनंतर वाढले", तो मुलगा नववीत वर्गात सगळ्यांत पुढे उभा राहिला तर त्यात नवल काहीच नाही.

जूनची चप्पल गणपतीत आखूड

लहानपणी मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते. वाढीचा जोर आला की मुली साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास वर्षाला आठेक सेंटिमीटर आणि मुले चौदाव्या वर्षाच्या आसपास नऊ-दहा सेंटिमीटर वाढतात. मुलग्यांचा जोर दोन वर्षे उशिरा येतो, म्हणजे तोवर त्यांना बालपणीच्या गतीने वाढायला दोन वर्षे जास्त मिळतात. पुरुषांची सरासरी उंची अधिक असण्यात या जास्तीच्या वर्षांचा मोठा भाग आहे.

वाढ सगळीकडे एकदम होत नाही. पावले आणि हात आधी, मग पाय, आणि धड सर्वांत शेवटी. शाळेसाठी जूनमध्ये घेतलेली चप्पल गणपतीत टाचेला आखूड पडते ती यामुळे. हातून पेला निसटणे, उंबऱ्याला ठेचकाळणे, वळताना ताट सांडणे हे प्रकारही याच काळातले. लहान होडी वल्हवायची सवय असलेल्याच्या हाती अचानक मोठी होडी दिली तर ती दोन-चार वेळा धक्क्याला आपटणारच. मेंदूला नव्या लांबीचा अंदाज यायला वेळ लागतो. "धांदरट" म्हणून ओरडण्यात काही हशील नाही.

हाडांच्या टोकांजवळच्या मऊ पट्ट्यांमध्ये ही वाढ होते आणि त्या पट्ट्या शेवटी घट्ट होऊन बंद होतात. एकदा बंद झाल्या की कोणतीही पावडर त्या उघडू शकत नाही, मग जाहिरातीतला मुलगा कितीही उंच उडी मारो. आंब्याच्या कलमाला कल्टार घालून मोहोर आधी आणता येतो. मुलांसाठी असे काही बाटलीत मिळत नाही, आणि मिळाले तरी घेऊ नये. पैसे खर्चायचेच असतील तर ते नाचणीवर खर्चावेत, जिच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि काट्यासकट खाता येणाऱ्या लहान मासळीवर.

चेहऱ्यावरचे मुरुम त्वचेतल्या तेलग्रंथी जोमाने काम करू लागल्यामुळे येतात. ते फोडू नयेत, म्हणजे डाग राहत नाहीत. रात्री उशिरापर्यंत झोप न येणे आणि सकाळी न उठवणे यालाही निव्वळ आळस म्हणता येत नाही, कारण झोपेचा संदेश देणारे संप्रेरक या वयात रात्री उशिरा स्रवते. अर्थात मोबाइल उशाशी घेऊन झोपल्यास सगळा दोष संप्रेरकावर ढकलता येणार नाही.

पांढरे जाणे आणि पाळी

पाळी येण्याआधी सहा महिने ते वर्षभर बऱ्याच मुलींच्या अंगावरून पांढरे जाऊ लागते. घराघरांत याचा अर्थ "शरीर झिजते आहे" असा लावला जातो आणि मुलगी उगाच स्वतःला आजारी समजू लागते. पातळ किंवा किंचित चिकट, वास किंवा खाज नसलेला पांढरा स्राव हे इस्ट्रोजेन काम करू लागल्याचे लक्षण आहे. खाज, दुर्गंधी, हिरवट रंग किंवा दह्यासारख्या गुठळ्या दिसल्या तर मात्र तो संसर्ग समजून उपचार घ्यावेत.

पाळी समजण्यासाठी घरासमोरचे खळे आठवावे. पावसाने उखडलेले खळे आपण दिवाळीच्या सुमारास चोपून, सारवून पुन्हा तयार करतो. गर्भाशय हेच काम दर महिन्याला करते. आतून रक्तवाहिन्यांनी भरलेला एक मऊ थर तयार होतो, कारण गर्भ रुजला तर त्याला जागा हवी. गर्भ राहिला नाही की तो थर सुटून बाहेर पडतो आणि नव्याने थर धरू लागतो. हे रक्त शरीरातल्या इतर रक्ताइतकेच स्वच्छ असते. "साचलेली घाण बाहेर पडते" हे म्हणणे चुकीचे आहे. पाहताना ते पुष्कळ वाटते, पण एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे पोह्यांच्या चमच्याने तीन-चार चमचेच रक्त जाते.

पहिली दोन-तीन वर्षे पाळी तारखेला येत नाही, आणि याच गोष्टीची आयांना सर्वांत जास्त काळजी वाटते. सुरुवातीला अंडाशयातून दर महिन्याला स्त्रीबीज सुटत नाही, त्यामुळे पुढच्या थराचे वेळापत्रक बसत नाही. या काळात एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २१ ते ४५ दिवसांचे अंतर आणि सात दिवसांपर्यंतचा रक्तस्राव सामान्य धरला जातो. ओटीपोटात पहिले एक-दोन दिवस दुखणेही नेहमीचे आहे. गरम पाण्याच्या पिशवीने बरे वाटते. दर महिन्याला शाळा बुडण्याइतके दुखत असेल तर मात्र "सगळ्यांनाच दुखते" म्हणून गप्प बसवू नये.

येथे गौरींचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. गौरी आवाहनाच्या आठवड्यात पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांची चौकशी औषधांच्या दुकानांत वाढते आणि काही घरांत त्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलींनाही दिल्या जातात. या गोळ्या तारखेच्या काही दिवस आधी सुरू करायच्या असतात. ज्या मुलीची तारीखच अजून बसलेली नाही, तिच्यासाठी "काही दिवस आधी" कोणत्या दिवसाच्या आधी मोजायचे? शिवाय यकृताचे किंवा रक्ताच्या गुठळ्यांचे विकार असलेल्यांना त्या चालत नाहीत, म्हणून डॉक्टरांना न विचारता शेजारणीच्या पाकिटातून घेणे धोक्याचे आहे. देवघरात कोणी जावे हा ज्या त्या घराचा प्रश्न आहे असे म्हणून मी वर्गात तो विषय टाळत असे. आता वाटते, टाळायला नको होता. मुलीला चार दिवस बाहेर बसवल्याने गौरीचे पावित्र्य राखले जाते की नाही हे मला ठाऊक नाही, पण आपल्या शरीराची लाज वाटायला ती मुलगी त्याच चार दिवसांत शिकते, हे मी वर्गात पाहिले आहे.

दुसरा खास आपल्याकडचा प्रश्न पावसाचा. कापडी घडी वापरायला काहीच हरकत नाही, पण ती साबणाने धुऊन उन्हात कडकडीत वाळली पाहिजे. जून ते सप्टेंबर ऊन कोठून आणायचे? मग ती घडी पडवीत, इतर कपड्यांच्या खाली, कोणाला दिसणार नाही अशी वाळत पडते आणि दमटच वापरली जाते. त्यातून खाज आणि बुरशीचा संसर्ग होतो. ज्यांना परवडते त्यांनी हे चार महिने तरी पॅड वापरावेत. नाही तर घडी इस्त्रीने पूर्ण कोरडी करावी. घडी असो वा पॅड, चार ते सहा तासांनी बदलावे. वापरलेले पॅड वहाळात टाकू नयेत.

पाळी सुरू झालेल्या मुलीला लोह जास्त लागते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुली रक्तक्षयी होत्या. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी त्यासाठीच असते; ती जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातले लोह शरीराला नीट मिळत नाही, लिंबू किंवा पेरू खाल्ला तर जास्त मिळते.

मुलग्यांना कोण सांगणार?

मुलीला निदान आई, मावशी, काकी असतात. मुलग्याला बहुधा कोणीच सांगत नाही, म्हणून त्याची चिठ्ठी सुपारीएवढी होते.

त्या मुलाच्या छातीतली गाठ कॅन्सरची नव्हती. शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनपैकी थोड्याचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होते आणि नवे संतुलन बसेपर्यंत छातीच्या बोंडाखालची ऊती थोडी वाढते. वयात येणाऱ्या मुलग्यांपैकी सुमारे निम्म्यांना हे कमीअधिक प्रमाणात होते, कधी एकाच बाजूला, आणि सहा महिने ते दोन वर्षांत बहुतेकांचे आपोआप जाते. मी हे उत्तर नाव न घेता सगळ्या वर्गासमोर सांगितले, तेव्हा एकापेक्षा जास्त मुलांनी माना खाली घातल्या.

आवाज फुटणे हे तारेच्या वाद्यासारखे आहे : तार लांब आणि जाड झाली की सूर खाली जातो. टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरयंत्र वाढते, गळ्याचा कंठमणी दिसू लागतो, आणि मधले काही महिने आवाज मध्येच घोगरा तर मध्येच चिरका होतो. मागच्या वर्षी आरतीत सर्वांत वरचा सूर लावणारा मुलगा या वर्षी नुसते ओठ हलवत उभा असेल तर त्याला पुढे ढकलू नये.

रात्री झोपेत वीर्य बाहेर पडणे हाही नेहमीचाच भाग आहे. त्याला रूढ शब्द "स्वप्नदोष" आहे, आणि त्या शब्दातला "दोष" हाच खरा उपद्रवी. वीर्याचा एक थेंब रक्ताच्या अनेक थेंबांपासून बनतो, धातू गेला की ताकद जाते, या समजुतींना शरीरशास्त्रात आधार नाही. वीर्य रक्त आटवून बनत नाही. ते ग्रंथींमध्ये सतत तयार होते. या भीतीने खरोखरच खंगणारे तरुण भारतीय डॉक्टरांना इतके भेटत की मनोविकारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी १९६० मध्ये त्या अवस्थेला "धात सिंड्रोम" असे नावच दिले. तेथे आजार भीतीचा असतो. एक वृषण दुसऱ्यापेक्षा थोडे खाली असणे हेही सामान्य आहे.

"पण आजकाल हे फार लवकर होते, कोंबडीमुळे"

या म्हणण्याचा पहिला भाग काही अंशी खरा आहे. युरोपातल्या नोंदींनुसार एकोणिसाव्या शतकात पहिली पाळी सोळा-सतराव्या वर्षी येत असे, आता ती साधारण साडेबारा-तेराव्या वर्षी येते. मुख्य कारण पोषण. शरीरात पुरेशी चरबी साठली की मेंदूला तसा संदेश जातो आणि दीपगृह पेटायला मदत होते. स्थूल मुलींमध्ये म्हणूनच सुरुवात लवकर होताना दिसते. २०२० च्या टाळेबंदीनंतर इटलीतल्या आणि आपल्या पुण्यातल्याही डॉक्टरांकडे फार लवकर वयात येणाऱ्या मुली जास्त संख्येने आल्या होत्या.

कोंबडीचे मात्र तसे नाही. ब्रॉयलर सहा आठवड्यांत विक्रीला येते ती निवडक पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे. दुभत्या जनावरांना चोरून टोचले जाणारे ऑक्सिटोसिन बेकायदा आणि जनावराला त्रासदायक आहेच. पण ते वयात आणणारे संप्रेरक नाही, आणि पोटात गेल्यावर ते पचून जाते.

"सांगितले तर मुले बिघडतील"

दापोलीजवळच्या मुरुडला जन्मलेल्या र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचे मासिक चालवले, त्यासाठी खटलेही सोसले. त्यांच्यावरचा आक्षेप हाच होता. माझा अनुभव साधा आहे : डब्यातल्या चिठ्ठ्यांमध्ये नवे कुतूहल क्वचितच असे, बहुतेक प्रश्न आधीच कोठून तरी चुकीचे ऐकलेले असत. आणि "शहाणी झाली" म्हणायचे व त्याच दिवसापासून तिच्याशी बोलणे बंद करायचे, यात शहाणपण कोणाचे?

डॉक्टरांकडे केव्हा जावे

मुलीला आठ वर्षांच्या किंवा मुलाला नऊ वर्षांच्या आधी बदल दिसू लागले. मुलीला तेरापर्यंत आणि मुलाला चौदापर्यंत काहीच सुरू झाले नाही. पंधरापर्यंत पाळी आली नाही. आलेली पाळी तीन महिने थांबली, सात दिवसांहून जास्त चालली किंवा दर तासा-दोन तासांनी पॅड भिजू लागले, तर तपासणी करून घ्यावी. यांतली बरीच मुले तपासणीअंती ठीकच निघतात. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी समुपदेशन केंद्रे असतात, राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे. आशाताईंना विचारले तर जवळचे केंद्र कळते.

एक गोष्ट मात्र सकाळपर्यंत थांबणारी नाही. मुलग्याच्या एका वृषणात अचानक तीव्र वेदना सुरू झाल्या, सोबत उलटी झाली किंवा पोटात दुखू लागले, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो आणि त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तर ते बहुधा वाचते, नंतर शक्यता झपाट्याने कमी होते. आपल्या वाड्यांवरून शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय दोन-दोन तासांवर असते, आणि त्यात लाजेपोटी मुलाने रात्रभर कळ काढली तर वेळ घरातच संपतो. म्हणून हे एक वाक्य घरातल्या मुलाला आजच सांगून ठेवावे : तेथे अचानक दुखू लागले तर मध्यरात्रीसुद्धा उठव, कोणी रागावणार नाही.